हातानं छापलेली मुंबई



आज आम्ही एका शहराची आणि काही पातळशा अंकांची गोष्ट घेऊन आलो आहोत. शहर आहे मुंबई, आणि अंक आहेत साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे. मोजकी पानं, साधा कागद, कुठे शाई फुटलेली, कुठे पुसट. त्यांत ना साबणाची जाहिरात, ना मुखपृष्ठावर नटीचा फोटो. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर ते मिळायचे नाहीत. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायचे. तरीही मराठीत शहराबद्दल आज जे मोकळेपणानं लिहिलं जातं, त्याची वाट या अंकांनी बरीच सोपी केली.

तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या त्या अंकांचं आम्हा गावच्या बायकांना काय? पण या गोष्टीचा एक धागा आपल्या घरांतून जातो, म्हणून सुरुवात गावापासूनच करू.

१८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा भाग गिरणगाव झाला. तिथे राबायला माणसं आली ती कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून, घाटावरच्या कोरडवाहू गावांतून. गिरण्यांत काही बायाही होत्या, सूत गुंडाळायच्या खात्यात. पण जास्त करून पुरुष गेले आणि बायका गावी राहिल्या. शेत त्यांनी कसलं, म्हातारी माणसं त्यांनी सांभाळली, पोरं त्यांनी वाढवली.

मुंबई त्यांना कळायची ती मनीऑर्डरमधून. मनीऑर्डरच्या कागदाला खाली मजकुरासाठी बोटभर जागा असायची. त्यात खुशाली मावायची, मुंबई मावायची नाही. एका खोलीत दहा-पंधरा जण राहतात, पाळीप्रमाणे झोपतात, एक कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा होतो, हे त्या कागदावर कोण लिहिणार? गणपतीला नाहीतर शिमग्याला चाकरमानी यायचा तो इस्त्रीचे कपडे घालून, पोरांना खाऊ घेऊन. मग गावाला वाटायचं, मुंबई म्हणजे इस्त्री आणि खाऊ.

गावाला खरी मुंबई दिसत नव्हती, हे समजण्यासारखं आहे. पण छापलेल्या कागदावरसुद्धा ती पुरती दिसत नव्हती. त्या काळी मराठीत चांगली मासिकं नव्हती असं मुळीच नाही. गिरगावात खटाववाडीतून निघणारं 'सत्यकथा' हे मासिक फार मानाचं होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे जाणते संपादक तिथे होते. मराठीतले कितीतरी मोठे कवी-कथाकार त्या मासिकानं पुढे आणले. सत्यकथेत कविता छापून आली म्हणजे कवी झालो, असं तरुण मुलांना वाटायचं. पण याची दुसरी बाजूही होती. काय छापायचं, कोणती भाषा चांगली आणि कोणती वंगाळ, हे मोजकी शिकली-सवरलेली माणसं ठरवायची. नाक्यावरची, चाळीच्या नळावरची, फुटपाथवरची मुंबई त्या दारातून आत जायची, पण थोडीशीच, आणि आंघोळ घालून.

१९५५च्या सुमाराला काही पोरांनी वेगळं करायचं ठरवलं. पोरंच म्हणायला हवीत. दिलीप चित्रे सतरा वर्षांच्या आसपासचे, अरुण कोलटकर विशी ओलांडलेले, आणि त्यांच्या जोडीला रमेश समर्थ. चित्रे बडोद्याहून आलेले, कोलटकर कोल्हापूरचे. मुंबईत बाहेरून आलेल्या माणसाला शहर जरा जास्त टोचतं, म्हणून ते जास्त दिसतं. या मित्रांनी 'शब्द' नावाचा अंक काढला. प्रकाशक नाही, छापखाना नाही. अंक सायक्लोस्टाइल केलेला.

सायक्लोस्टाइल हा शब्द आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. आपल्या शाळेच्या परीक्षेचे पेपर तसेच निघायचे, तो वासही नाकात असेल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेणाचा थर दिलेला एक पातळ कागद असायचा. त्याच्यावर टोकदार लेखणीनं, नाहीतर फीत बाजूला केलेल्या टाइपरायटरनं अक्षरं कोरायची. अक्षर उमटलं की तेवढ्या जागेचं मेण निघतं. मग तो कागद यंत्राच्या गोल पिंपावर चढवायचा, शाई भरायची आणि हँडल फिरवायचं. कोरलेल्या जागेतून शाई पाझरते आणि खालच्या कोऱ्या कागदावर अक्षरं उमटतात. एका फेऱ्याला एक पान. खर्च म्हणजे कागद, शाई आणि आपले हात. काही शेकडा प्रती निघाल्या की तो मेणकागद फाटायचा. ज्याच्यापाशी छापखान्याला द्यायला पैसे नाहीत, त्यालाही आपलं म्हणणं चार माणसांपर्यंत नेता येतं, हे या यंत्रानं दाखवून दिलं.

'शब्द' फार काळ चालला नाही. पण त्याच्यापाठोपाठ १९६०च्या दशकात असे अंक भराभर निघू लागले. त्यांची नावंच बघा: 'असो', 'येरू', 'फक्त', 'भारूड', 'अबकडई'. जड, संस्कृत नाव एकही नाही. 'असो' १९६३ साली निघालं, त्यात अशोक शहाणे यांचा पुढाकार होता. असे अंक मुंबईबाहेरूनही निघाले, पण जोर मुंबईचा. दर महिन्याला ठरल्या तारखेला निघतं ते नियतकालिक. हे अंक पैसे जमले की निघायचे, संपले की थांबायचे. म्हणून त्यांना 'अनियतकालिक' असं नाव पडलं. कुणी पगारातले पैसे घातले, कुणी मित्रांकडून मागून आणले. सरकारी अनुदान नाही आणि जाहिरातदारही नाही, त्यामुळे कुणाची मर्जी सांभाळायची गरज पडली नाही. आपल्या गटात आपण म्हणतो ना, पैसा थोडा असला तरी आपला असावा. त्यांचंही तसंच होतं.

या अंकांच्या आसपास वावरणाऱ्यांनी मुंबई कशी लिहिली? जशी ऐकू येत होती तशी. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार म्हणून काम करायचे. त्यांनी मुंबईच्या मिसळलेल्या बोलीत, अर्धी हिंदी आणि अर्धी मराठी अशा भाषेत कविता लिहिल्या. त्या कवितांमधले लोक हॉटेलातल्या पोऱ्यासारखे, नाक्यावरच्या दादासारखे बोलतात. पुढे ते काळा घोडा भागातल्या एका हॉटेलात बसून रस्ता न्याहाळायचे आणि रस्त्यावरच्याच माणसांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकभर कविता लिहिल्या. ते पुस्तक २००४ साली आलं, त्याच वर्षी ते गेले. त्यात झाडूवाली आहे, इडली विकणारी बाई आहे, फुटपाथवर संसार मांडलेली माणसं आहेत. भाऊ पाध्ये यांनी १९६५ साली 'वासूनाका' लिहिलं. त्यात नाक्यावर उभी राहणारी मुलं त्यांच्याच शिवराळ भाषेत बोलतात. त्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. चांगल्या घरातल्यांनी वाचावं असं हे आहे का, असं विचारलं गेलं. मुलं खरोखर तसं बोलत होती, हे मात्र कुणी नाकारलं नाही.

आणि मग १९६९ साल आलं. सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे राजा ढाले मुंबईत वाढले, लिहू लागले, स्वतःचे अंक काढू लागले. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी खटाववाडीत जाऊन 'सत्यकथे'ची होळी केली. मासिक जाळणं ही काही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. तेव्हाही पुष्कळांना ते आवडलं नाही. जे मासिक कागदाला कागद जोडून इतकी वर्षं चालवलं, ते जाळून काय मिळालं, असा प्रश्न आजही विचारता येतो. पण त्या पोरांचा राग कशावर होता, हेही समजून घ्यायला हवं. आमच्या जगण्याची किंमत तुम्ही कोण ठरवणार, हा तो राग होता.

या रागाला सगळ्यात मोठा आवाज मिळाला तो नामदेव ढसाळ यांच्या कवितेत. ढसाळांचा जन्म १९४९ साली पुणे जिल्ह्यातल्या पूर या गावी झाला. लहानपणीच ते मुंबईत आले आणि कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या वस्तीत वाढले. काही काळ त्यांनी टॅक्सी चालवली. १९७२ साली त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. गोलपिठा म्हणजे मुंबईतली देहविक्रीची वस्ती. ज्या गल्लीचं नाव बाकीचं शहर खालच्या आवाजात घ्यायचं, तेच नाव पुस्तकावर आलं. विजय तेंडुलकरांसारखा नावाजलेला लेखक त्याला प्रस्तावना लिहायला बसला, तेव्हा त्यालाही त्या वस्तीतले कितीतरी शब्द नवे होते. त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी मिळून दलित पँथर ही संघटना उभी केली. अनियतकालिकांच्या जगातलीच ही मुलं आता मोर्च्यात दिसू लागली.

इथवरची गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडते. आता मैत्रिणींनो, इथवर आम्ही किती बायकांची नावं घेतली ते मोजा. एकही नाही. आम्ही ती गाळली असं समजू नका. अंक काढणाऱ्यांच्या त्या यादीत बायकांची नावं अगदी विरळ आहेत. बायका कवितेत होत्या. झाडूवाली होती, इडलीवाली होती, गोलपिठ्यातली बाई होती. पण त्यांच्याबद्दल दुसरा कुणीतरी बोलत होता. मेणकागदावर अक्षर कोरणारा हात बाईचा नव्हता.

का नव्हता, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. अंक काढायला रात्र लागते. हॉटेलात चहावर तासन् तास बसावं लागतं. खिशात थोडे का होईना, स्वतःचे पैसे लागतात. उशिरा घरी गेलं तर दार उघडणारं कुणीतरी लागतं, ताट झाकून ठेवणारं कुणीतरी लागतं. त्या काळच्या बाईकडे यातलं काय होतं? शहरात असो की गावात, रात्र तिची नव्हती. आणि ताट झाकून ठेवणारी तीच होती.

गिरणगावच्या खाणावळवाल्या घ्या. घरच्यांना गावी ठेवून आलेले गिरणी कामगार कुठे जेवायचे? कुणातरी बाईच्या खोलीत. ती पहाटे उठून चूल पेटवायची, पाळीप्रमाणे पंगती उठवायची, महिन्याच्या उधारीवर जेवू घालायची. धान्यासाठी सावकाराचं व्याज भरायची. कोण आजारी, कोणाची बदली हजेरी, कोणाच्या गावाहून वाईट पत्र आलं, हे तिला ठाऊक. गिरणगावचं मन तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द घरोघरी जायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. या बाया कर्ज घेऊन फेडू लागल्या, सावकाराच्या हातून सुटल्या. पण त्यांनी पाहिलेली मुंबई त्यांच्या स्वतःच्या शब्दांत फारशी कुठे उतरली नाही. त्यांच्या वहीत उधारी होती, गोष्ट नव्हती.

मग बाईचा आवाज आला कुठून? तो आला वेगळ्या दारानं, आणि काही वेळा त्याच चळवळीच्या घरातून. मल्लिका अमर शेख या शाहीर अमर शेख यांच्या कन्या, स्वतः कवयित्री, आणि नामदेव ढसाळांच्या पत्नी. १९८४ साली त्यांचं आत्मकथन आलं, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. बाहेर सभा, घोषणा, टाळ्या चालू असताना घरात बाईचं काय होतं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. स्वतःच्या लग्नातलं दुःखही लिहिलं. ढसाळांची कविता त्यामुळे छोटी होत नाही. पण आता त्या घराबद्दल बोलणारी माणसं दोन झाली. आधी एकच होता.

दुसरं दार उघडलं ते बायकांच्या मासिकांनी. 'स्त्री' हे मासिक १९३० साली किर्लोस्करवाडीहून निघालं, म्हणजे मुंबई-पुण्यापासून दूर, एका कारखान्याच्या वाडीतून. पुढे त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. 'स्त्री' मासिकात १९८२ साली फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' क्रमशः छापून आलं. बेबीताई छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचायच्या आणि मग पुड्या बांधायच्या. स्वतःचं लिहिलेलं मात्र घरात लपवून ठेवायच्या, घरच्यांना कळू द्यायच्या नाहीत. कितीतरी वर्षं ते कागद तसेच लपलेले होते. मग एका मासिकानं ते छापले. आज ते पुस्तक जगभर वाचलं जातं.

त्या १९८२ सालात आणखी काय काय घडलं बघा. जानेवारीत मुंबईतल्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्या संपानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. कितीतरी चाकरमानी वळकटी घेऊन गावी परतले आणि मनीऑर्डरी थांबल्या. त्याच वर्षी 'सत्यकथा'ही बंद पडलं. आणि त्याच वर्षी फलटणच्या एका दुकानातल्या बाईचे लपवलेले कागद छापून आले.

पुढे शहरही बायकांनी लिहिलं. रत्नागिरीजवळच्या खेड्यात जन्मलेल्या ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ साली आलं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं. त्यांची आई ती विणायची आणि त्यावर घर चालवायची. लेकीनं आईच्या विणकामाशी आपल्या लिहिण्याचं नातं सांगितलं आहे. नोकरी-संसार सांभाळत मुंबईत येणं, जागेची अडचण, लेकरं वाढवताना पुढचं शिक्षण घेणं, आणि घराबाहेर पडून बोलू लागलेल्या बाईकडे घरचे कसे बघतात, हे सगळं त्यात आहे. मनीऑर्डरच्या बोटभर जागेत जे मावलं नव्हतं, त्यातलं पुष्कळ या पुस्तकात सापडतं, आणि तेही बाईच्या बाजूनं.

आम्हाला ही गोष्ट आज का सांगावीशी वाटली? कारण आपल्या लेकी आता शहरात जातात. कुणी पुण्याला नर्सिंग शिकते, कुणी कंपनीत पॅकिंगला आहे, कुणी चार घरची धुणीभांडी करते. फोनवर रोज बोलणं होतं. पण नीट ऐकलं तर त्यातही खुशालीच जास्त असते. खोलीत किती जणी राहतात, रात्रपाळीहून परतताना रस्त्याला दिवे असतात का, मुकादम कसा बोलतो, हे ती सांगत नाही, कारण आई घाबरेल. मनीऑर्डरचा कागद गेला आणि मोबाइल आला, तरी बोटभर जागा तेवढीच राहिली.

त्या अंकांतले बरेचसे आज सहज पाहायलाही मिळत नाहीत. कागद हलका, प्रती थोड्या, कुणी जपले तर जपले. तरी त्यांतून एक गोष्ट उरली. कुणाची परवानगी न घेता, आपल्या बोलीत, आपल्या पैशानं, चार जणांनी मिळून आपलं शहर कागदावर उतरवता येतं. त्या मुलांना ते जमलं कारण त्यांची रात्र मोकळी होती. आपली नसते. पण आपल्याकडे महिन्याची बैठक आहे, आणि ती रीतसर आपली आहे. हप्ता भरून झाल्यावर अर्धा तास उरतो, तो चहात जातो. तेवढ्यात एकीनं बोलायचं आणि लिहिता येणाऱ्या एकीनं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. "आसं" म्हणाली तर "आसं"च लिहायचं.

लेकीला सुट्टीत घरी आल्यावर विचारा, तिच्या शहराचा एक दिवस सांग, पहाटेपासून रात्रीपर्यंत. थोरल्या आजींना विचारा, आजोबा मुंबईला असताना त्यांची खोली तुम्ही कधी पाहिली का, पाहिली तर काय दिसलं. जे येईल ते लिहून आमच्याकडे पाठवा. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, फक्त गावाचं नाव लिहा. आम्ही ते रेडिओवर वाचू, आणि पुढच्या अंकांत जागा होईल तसं छापू.